गॉर्डनला शेवटपर्यंत उभं राहू द्या
(रेडिओवरील भाषण, जुलै २०१२)

येत्या २० जुलैला क्रिस्टोफर नोलन यांचा बॅटमनवरचा तिसरा आणि शेवटचा चित्रपट आपल्याकडे लागतो आहे, ‘द डार्क नाइट रायझेस’. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या तरुण मंडळींना ही बातमी मी द्यायला नको. पहिला खेळ कुठे, किती वाजता, तिकिटं कधी सुटणार, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आधीचे दोन भागही त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेत, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. मला दिलेल्या मिनिटांत एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे. जिम गॉर्डन. गॉथम शहराचा पोलीस आयुक्त. चष्मा, मिशी, चुरगळलेला कोट आणि कायम अपुरी झोप झालेला चेहरा.

लोकलमध्ये, कट्ट्यावर चर्चा ऐकू येते ती नव्या खलनायकाची, बेनची. त्याच्या तोंडावरच्या त्या यंत्रामुळे त्याचं बोलणं कळणार की नाही, हा वाद गेल्या डिसेंबरात सुरुवातीचा तुकडा दाखवला तेव्हापासून चालू आहे. मग कॅटवूमन. मग जोधपूरच्या मेहरानगडावर गेल्या वर्षी चित्रीकरण झालं, तर तो गड पडद्यावर किती वेळ दिसणार. आणि बॅटमन मरणार का? गॉर्डनचं काय होणार, हे मात्र फार थोडे विचारतात. मुलांनो, हे बरं नाही. ज्याच्या छपरावरून बॅटमनला हाक मारणारा दिवा आकाशात लागतो, त्या माणसाला तुम्ही विसरता कसे?

हा माणूस बॅटमनइतकाच जुना आहे. मे १९३९, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा सत्ताविसावा अंक. बॅटमनची पहिली गोष्ट. तिच्या पहिल्याच चौकटीत कोण बसलेत? आयुक्त गॉर्डन आणि त्यांच्याकडे आलेला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमन. मुखवटा नंतर येतो, पोलीस आधी. बॅटमनचा साथीदार रॉबिन १९४० साली आला, त्याचा शत्रू जोकरही त्याच वर्षी, घरचा नोकर आल्फ्रेड तर १९४३ साली. गॉर्डन या सगळ्यांहून थोरला. फ्रँक मिलर यांनी १९८७ साली ‘इयर वन’ हे बॅटमनचं कॉमिक लिहिलं, तेव्हा अर्धी गोष्ट गॉर्डनच्याच तोंडून सांगितली. नोलन यांनी त्यातूनच बरंच घेतलं आहे.

आता कोणी म्हणेल, चित्रपट सुपरहिरोचा आहे, पोलिसाने मागे उभं राहून मदत करावी, एवढं पुरे. नाही, एवढं पुरे नाही. बॅटमनकडे दैवी शक्ती नाही. पैसा आहे, कसलेलं शरीर आहे, यंत्रं आहेत. रात्री तोंड झाकून माणसांना मारणाऱ्या श्रीमंत तरुणात आणि गुंडात फरक तो कोणता? फरक एवढाच, की तो पकडलेला माणूस गॉर्डनच्या हवाली करतो. स्वतः न्याय करत नाही, स्वतः फाशी देत नाही. आपल्या पडद्यावर आपण वर्षानुवर्षं काय पाहिलं? नायक खलनायकाला संपवतो आणि सगळं आटोपल्यावर पोलिसांची जीप येते. गॉर्डन त्या जीपमधला नाही. तो आधीपासून हजर असतो. पहिल्या भागात तर बॅटमनची गाडी चालवत जाऊन रेल्वेमार्गाचा खांब त्यानेच पाडला आणि शहर वाचवलं. आठवतं ना?

तर माझा मुद्दा असा. गुरुपौर्णिमा झाली, ठाण्यात दहीहंडीसाठी गोविंदा पथकांचे सराव सुरू झालेत. संध्याकाळी कामावरून सुटून पोरं मैदानात जमतात. आपण बघायला जातो तेव्हा नजर वर असते, सगळ्यात वरच्या पोराकडे. छायाचित्रही त्याचंच छापून येतं. पहिल्या थरातला माणूस कोणाला दिसतो? त्याची मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर घट्ट. पाठीवर आठ थरांचा भार. वर हंडी फुटली हे त्याला दिसत नाही, ढोल वाजला की कळतं. गॉर्डन हा पहिल्या थरातला माणूस आहे.

पण हे अर्धंच झालं. पथकातल्या जुन्या माणसांना विचारा, थर लावण्यापेक्षा उतरवणं अवघड. हंडी फुटते, जल्लोष होतो, पाणी उडतं, वरची पोरं भराभर खाली यायला लागतात, आणि तेव्हाच घात होतो. त्या घटकेला खालच्याने अंग सैल सोडलं तर सगळे एकमेकांवर. म्हणून वरचं शेवटचं पोर जमिनीला लागेपर्यंत पहिला थर हलत नाही. आता या तीन चित्रपटांकडे पाहा. पहिल्यात थर लागले. दुसऱ्यात सलामी झाली, आणि काय सलामी! तिसरा भाग उतरण्याचा आहे. म्हणजे गॉर्डनचं काम तिसऱ्या भागात संपत नाही. खरं काम तिथेच आहे.

आणि भीती नेमकी इथेच वाटते. गेल्या वर्षी पहिली झलक आली, तिच्यात गॉर्डन कुठे दिसला? रुग्णालयातल्या खाटेवर. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आवाज खोल गेलेला, बॅटमनला परत ये म्हणतोय. तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, गॉर्डन जाणार आणि त्या दुःखाने बॅटमन पेटून उठणार. दुसरा म्हणतो, नोलन असं सोपं काही करणार नाहीत. मी दुसऱ्या तटात आहे. दुसऱ्या भागात त्याचं एक खोटं मरण दाखवून झालं आहे, बायकोच्या दारात बातमी नेऊन झाली आहे. पुन्हा तेच नको. आणि दुसऱ्याला राग यावा म्हणून एका माणसाला मारायचं, हा तर त्या माणसाचा अपमान आहे.

शिवाय त्याच्या डोक्यावर एक ओझं आहे. सरकारी वकील हार्वी डेंटने केलेले खून बॅटमनच्या नावावर घालायचे, शहरासाठी डेंटला स्वच्छ ठेवायचं, हे दुसऱ्या भागाच्या शेवटी दोघांनी ठरवलं. बॅटमन पळून गेला, खोटं बोलायला मागे राहिला गॉर्डन. ज्या दिव्याने त्याने मित्राला हाक मारली, तो दिवा त्यानेच कुऱ्हाडीने फोडला. आता गोष्ट आठ वर्षांनी पुढे सरकली आहे, असं सांगतात. आठ वर्षं! रोज कार्यालयात जायचं, डेंटच्या नावाचे गोडवे ऐकायचे. पहिल्या भागात हाच माणूस, साथीदार उघडपणे पैसे खात असताना, हात न लावता बाजूला उभा होता. तो साधू नव्हे, हेही खरं. त्याच्याच पथकातली माणसं विकली गेली, डेंटने त्याला आधी बजावलं होतं, आणि त्याची किंमत ब्रूसच्या बालमैत्रिणीने, रेचलने, जीव देऊन चुकवली. हे सगळं घेऊन तो उभा आहे. माझी पहिली इच्छा ही, की ते खोटं गॉर्डनने स्वतः, स्वतःच्या पायांवर उभं राहून, शहरासमोर कबूल करावं. दुसऱ्या कोणी, विशेषतः शत्रूने, ते त्याच्याकडून हिसकावून घेऊ नये.

दुसरा भाग २००८ च्या जुलैत आला. त्यानंतर चार महिन्यांनी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचा नोव्हेंबर आला, तो तुम्हाला सांगायला नको. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत हाती लागला. पुढच्या जानेवारीत ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कल्पित गॉर्डनची तुलना मी त्यांच्याशी करत नाही. ती कोणी करूही नये. पण दुसरा भाग पाहणारे आपण आणि तिसरा पाहायला जाणारे आपण, यांत हा नोव्हेंबर आहे. मुंबईतल्या चौक्यांवर ड्युटीला जाणारे किती पोलीस कळवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून रोज गाडी पकडतात! आपलं ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ पासूनचं. ठाण्यापासून भिवंडी, उल्हासनगर, बदलापूरपर्यंतचा पसारा त्याच्याकडे. गोपाळकाल्याला आपण हंडी बघतो, तेव्हा हीच माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत दोरीला पाठ लावून उभी असतात. त्यांची मुलंही २० तारखेला चित्रपटाला जाणार आहेत. त्या मुलांनी पडद्यावर पोलिसाला कशा रूपात पाहावं, याला मी फार महत्त्व देतो.

मघाशी म्हटलं ते पुन्हा म्हणतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. वरचं पोर खाली पोचेपर्यंत पहिला थर हलत नाही. गॉर्डन मध्यंतरापर्यंत खाटेवर असेल तर असू दे. मध्यंतरानंतर तो उठला पाहिजे. बॅटमन शहरात नसेल, हरला असेल, जखमी असेल, तेव्हा शहर कोण धरून ठेवणार? त्याला माणसं जमवू द्या, त्याला धावू द्या. गॅरी ओल्डमन यांच्याकडे ते बळ आहे. ‘लिओन’मधला तो पिसाट अधिकारी करणारे हेच, आणि यंदा ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’साठी ऑस्करचं पहिलं नामांकन मिळवणारेही हेच. अशा नटाला नुसतं खोकायला लावू नका.

समोरून खूण झाली आहे, तेव्हा दुसरी इच्छा घाईने सांगतो. पहिल्या भागात आई-वडील गमावलेल्या लहान ब्रूसच्या खांद्यांवर एका साध्या पोलिसाने कोट ठेवला होता. तोच गॉर्डन. ते मूल पुढे कोण झालं, हे त्याला अजून ठाऊक नाही आणि त्याने कधी खोदून विचारलंही नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत न विचारणं, हा त्याचा मोठेपणा. ते त्याला आता कळावं. तपास करून नव्हे, मुखवटा ओढून नव्हे. बॅटमननेच सांगावं, आणि तो कोट आठवून सांगावं. आभार मानायची ती एकच रीत शोभेल.

आणि तो नवा तरुण पोलीस, ब्लेक. जोसेफ गॉर्डन-लेव्हिट करतो आहे. पुष्कळांना वाटतं, हा आला म्हणजे म्हातारा बाजूला. मला तसं वाटत नाही. ब्लेकला गॉर्डनकडून काही मिळालं पाहिजे, आणि ते बंदूक चालवणं नव्हे, ते म्हणजे वर न बघता भार कसा... पण वेळ संपला. शाळा-कॉलेजातल्या मंडळींनो, पहिल्या खेळाला जा, आणि त्या चुरगळलेल्या कोटाकडे नीट लक्ष ठेवा.