यंत्राचा हिशेब तपासणारी पत्रकार



मी बँकेतला साधा कारकून. संगणकावर रोज काम करतो, पण त्याच्या पोटात काय चालते ते मला ठाऊक नाही. म्हणूनच आज ज्युलिया अँगविन या अमेरिकन पत्रकार बाईंविषयी चार शब्द बोलणार आहे. शिकागो विद्यापीठात गणित शिकलेल्या या बाईंनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये अनेक वर्षे तंत्रज्ञानाच्या बातम्या दिल्या आणि २०१४ मध्ये त्या 'प्रोपब्लिका' या नफा न कमावणाऱ्या वृत्तसंस्थेत गेल्या.

अमेरिकेत काही न्यायालयांत, आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचे गुण संगणक देतो. 'कम्पास' नावाच्या अशा एका प्रणालीत १३७ प्रश्न होते. त्यांत वंश कुठेच विचारलेला नव्हता. मात्र आईवडिलांपैकी कोणी तुरुंगात होते काय, मित्रांपैकी किती जण मादक पदार्थ घेतात, हे विचारलेले होते. (आपल्याकडे जात न विचारता आडनाव आणि वस्ती विचारतात, त्यातलाच हा प्रकार!) अँगविनबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत २०१३ आणि २०१४ मध्ये अटक झालेल्या सात हजारांहून अधिक माणसांचे गुण मिळवले आणि पुढील दोन वर्षांत खरोखर गुन्हा कोणी केला, ते एकेक करून पडताळले. आमच्या भाषेत सांगायचे तर खतावणी ताळ्याला लावली. ज्यांनी पुन्हा गुन्हा केलाच नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना यंत्राने धोकादायक ठरवले होते. गोऱ्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीने निष्कर्ष नाकारला, तज्ज्ञांतही वाद झाला. पण वाद घालायला आकडे तरी हाती आले.

त्याच वर्षी त्यांच्या चमूने घरांविषयीची एक जाहिरात फेसबुककडे दिली आणि ती कृष्णवर्णीयांना दिसू नये, अशी खूण केली. पंधरा मिनिटांत मंजुरी! घराच्या बाबतीत असा भेदभाव तिथे १९६८ पासून कायद्याने बंद आहे. २०१७ मध्ये पुन्हा तपासले, तर तेच. अखेर २०१९ मध्ये नागरी हक्क संघटनांशी समझोता करून फेसबुकने घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिरातींचे नियम बदलले.

पुढे त्या 'द मार्कअप'च्या संपादक असताना, २०२१ मध्ये, त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहकर्जांचे अर्ज तपासले. उत्पन्न, कर्जाची रक्कम वगैरे सारखे असूनही कृष्णवर्णीयांचा अर्ज नामंजूर होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ८० टक्क्यांनी अधिक निघाली. अर्जदारांचे पतगुण मात्र त्यांना मिळाले नव्हते, आणि बँकवाल्यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

परवा आमच्याकडे एक गृहस्थ आले. "साहेब, कर्ज का नाकारलं?" माझ्या पडद्यावर तीन आकडी गुण होते, कारण नव्हते. वर्षातून एकदा आपला पूर्ण पत-अहवाल फुकट मागता येतो, २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, हे त्यांना माहीत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बसून मी त्यांना तो अर्ज भरून दिला.