रजोनिवृत्ती : आरोग्ययोजनांच्या दोन टप्प्यांमधील दुर्लक्षित वर्षे

भारताच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने स्त्रीला प्रामुख्याने माता म्हणून ओळखले. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश होता. १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला. त्यामागून २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना आली आणि २०१३ मध्ये प्रजनन, माता, नवजात, बाल व किशोरवयीन आरोग्य यांना एका सूत्रात गुंफणारे धोरण स्वीकारले गेले. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण वाढले, मातामृत्यू घटले. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दुसऱ्या टोकाला २०१० मध्ये सुरू झालेला वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. परंतु तो वयाच्या ६० वर्षांपासून लागू होतो. या दोहोंच्या मध्ये साधारण पंधरा वर्षांचा एक पट्टा मोकळा राहिला, आणि रजोनिवृत्ती नेमकी याच पट्ट्यात येते. ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवर धोरणे आखली जातात, तीही स्त्रियांना १५ ते ४९ या वयातच प्रश्न विचारते. पन्नाशी ओलांडलेली स्त्री त्या पाहणीच्या मुलाखतीतून बाहेर पडते.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या जनगणनेच्या सुमारास देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली गेली होती हे खरे. तरीही रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी मर्यादितच असणार. आज भारतीय स्त्रीचे सरासरी आयुर्मान सत्तरीपलीकडे गेले आहे. म्हणजे तिच्या आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पाळी थांबल्यानंतरचा असतो. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. आधुनिक पाहण्यांनुसार भारतीय स्त्रीची नैसर्गिक रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी होते, तर पाश्चात्त्य देशांत ती ५१ व्या वर्षाच्या आसपास होते. चार-पाच वर्षांचा हा फरक किरकोळ नाही, कारण तितकी वर्षे आधीच शरीराला इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे संरक्षण अपुरे पडू लागते. तंबाखूच्या सेवनाने पाळी आणखी लवकर जाते, हेही सिद्ध झाले आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यामागे दुसरे कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजेच तिचे निदान मागे वळून पाहूनच होते. चाळिशीच्या आत पाळी थांबणे ही अकाली रजोनिवृत्ती होय. तिची स्वतंत्र तपासणी व उपचार आवश्यक असतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजपुटिका असतात. वयात येईपर्यंत त्या तीन ते चार लाखांवर येतात आणि रजोनिवृत्तीच्या वेळी हजारभर उरतात. बीजपुटिका संपत आल्या की इस्ट्रोजेनचे प्रमाण चढउतार करीत घसरते. हा संक्रमणकाळ अनेक वर्षे चालतो. पाळी कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी येते. स्राव कधी अत्यल्प तर कधी अतोनात होतो. या काळातही गर्भधारणा होऊ शकते, ही बाब अनेक कुटुंबांच्या ध्यानी नसते. शेवटच्या पाळीनंतर पन्नाशीच्या आतील स्त्रीने दोन वर्षे व त्यापुढील वयाच्या स्त्रीने एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे आणि रात्री झोपमोड होणे ही सर्वांत परिचित लक्षणे होत. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान राखतो. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर त्याची सहनशीलता अरुंद होते आणि तापमानातील किंचित वाढही त्याला संकट वाटू लागते. मग शरीर उष्णता बाहेर फेकण्याची धडपड करते. ‘बाईचा स्वभाव चिडका झाला’ असे घरातून म्हटले जाते, तेव्हा ती बाई कित्येक रात्री धड झोपलेली नसते, हे कोणी विचारात घेत नाही. योनीमार्गातील कोरडेपणा, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, खोकताना किंवा ओझे उचलताना लघवीवरील ताबा सुटणे यांविषयी तर स्त्रिया डॉक्टरांपाशीही बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि स्थानिक उपचार यांनी या तक्रारींत पुष्कळ फरक पडतो.

दिसत नाहीत ते बदल अधिक गंभीर असतात. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वाधिक वेगाने होते आणि त्या काळात काहीही दुखत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावरच ती उघडकीस येते. हाडांची घनता डेक्सा यंत्राने मोजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी दररोज १००० मिलिग्रॅम व रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर शंभर मिलिलिटर गायीच्या दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हणजे गरीब घरात हा प्रश्न गोळीइतकाच भाकरीचाही आहे. त्याच्या जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व, चालणे आणि स्नायूंवर भार देणारा व्यायाम हवा. याच सुमारास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, चरबी पोटाभोवती साठू लागते आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत या वयातील स्त्रीला महागात पडते.

संप्रेरक उपचारांचा इतिहास परीक्षार्थींनी आवर्जून अभ्यासावा असा आहे, कारण एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष समाजात कसा पोहोचतो याचे तो उत्तम उदाहरण ठरतो. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन अशी संयुक्त औषधे आणि उरलेल्यांना निरौषधी गोळी देण्यात आली. जुलै २००२ मध्ये ही चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले; पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. खुब्याचे ५ अस्थिभंग मात्र कमी झाले. बातम्यांत केवळ ‘कर्करोग’ हा शब्द उरला आणि जगभर लाखो स्त्रियांनी उपचार सोडले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची रजोनिवृत्ती होऊन दशक उलटले होते, हा तपशील मागे पडला. पुढील विश्लेषणांतून असे दिसले की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, तीव्र लक्षणे असलेल्या निरोगी स्त्रीत या उपचारांचे लाभ बहुधा धोक्यांहून अधिक असतात. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा सक्रिय विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास ते टाळावेत. निर्णय डॉक्टर व स्त्री यांनी मिळून घ्यावयाचा असतो.

भारतात मात्र या विषयाचे सर्वांत वेदनादायक अंग वेगळेच आहे. येथे असंख्य स्त्रियांची पाळी निसर्गाने जात नाही, ती शस्त्रक्रियेने संपवली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी प्रथमच थेट प्रश्न विचारला गेला. १५ ते ४९ वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आंध्र प्रदेशात हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या जवळ होते, तेलंगणात आठच्या आसपास. या शस्त्रक्रियेचे मध्यक वय ३४ च्या घरातले होते आणि सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. चौतिसाव्या वर्षी गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडे व हृदय यांचे नैसर्गिक संरक्षण बारा वर्षे आधी संपते. बीजकोश राखले तरी ते काही वर्षे आधीच थकतात.

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे आर्थिक मूळ उघडे पडले. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि कामावर न येणे म्हणजे खाडा, त्याचा दंड. पाण्याची व शौचालयाची सोय नसलेल्या कोपीवर राहून पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणाऱ्या बाईला ‘पिशवी काढली की कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, तर ती नकार कशाच्या बळावर देणार? २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. राष्ट्रीय प्रमाणाच्या पाचपटीहून हा आकडा मोठा आहे. अंगावरून पांढरे जाणे किंवा अतिस्राव यांवर औषधे आणि संप्रेरकयुक्त गर्भाशयांतर्गत साधन यांसारखे पर्याय उपलब्ध असतात. पण त्यासाठी डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि तितकी उसंत उचलीखाली दबलेल्या कुटुंबाला नसते.

बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशाच प्रकारांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. शासकीय आरोग्य विमा योजनेच्या पैशांसाठी अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याचा मुद्दा तीत होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरावर देखरेख समित्या आणि खासगी रुग्णालयांतील शस्त्रक्रियांचीही नोंद हा त्यांचा गाभा आहे.

नियंत्रणाची ही बाजू झाली. सेवेची बाजू अजून तोकडी आहे. तिच्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या मधुमेह, रक्तदाब व कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन एक नमुना भरते. त्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांत पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव होतो का, असा प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ आले, तर त्या स्त्रीला लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते, कारण तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. त्याच भेटीत पाळी कोणत्या वर्षी थांबली, आपोआप की शस्त्रक्रियेने, आणि त्यानंतर एखादे हाड मोडले का, एवढे तीन प्रश्न वाढवले, तर कोणत्या स्त्रीच्या हाडांची व हृदयाची तपासणी आधी व्हावयास हवी, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला त्या कागदावरूनच कळेल.