पोलीस, वॉरंट आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



हळदीकुंकू, शिवणवर्ग, पाककृती यांसाठी आपण नेहमीच जमतो. आज मंडळाने कायद्याचा विषय ठेवला, याबद्दल चालकांचे मी अभिनंदन करते. विषय रुक्ष खरा. पण तो आपल्या उंबरठ्यापर्यंत येणारा आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत घरचे पुरुष रात्रपाळीला जातात. घरी सासूबाई, मुले आणि आपण. अशा वेळी दारावर थाप पडली आणि 'पोलीस' असा आवाज आला, तर काय करावे?

वॉरंटावाचून पोलिसांना घरात पाऊल टाकता येत नाही, अशी पुष्कळ जणींची समजूत असते. खाकी वर्दी दिसली की दार उघडलेच पाहिजे, असे इतर काही जणींना वाटते. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, मूळ तत्त्वे बहुतेक तीच राहिली.

पहिला प्रसंग अटकेचा. ज्याला अटक करण्याचा पोलिसांना कायद्याने अधिकार आहे, असा माणूस घरात आहे असे मानण्यास कारण असेल, तर कलम ४४ प्रमाणे त्यांना आत येऊ द्यावे लागते. आपण कोण, कशासाठी आलो हे सांगूनही दार उघडले नाही, तर ते फोडताही येते. मात्र त्या खोलीत पडदा पाळणारी स्त्री असेल आणि अटक तिची नसेल, तर आधी तिला बाहेर जाण्याची सूचना व सवड द्यावी लागते.

दुसरा प्रसंग झडतीचा. तपासाला आवश्यक वस्तू घरात आहे आणि वॉरंट आणेपर्यंत अवाजवी विलंब होईल, असे तपास अधिकाऱ्याला सकारण वाटले, तर कलम १८५ प्रमाणे त्याला वॉरंटाशिवाय झडती घेता येते. पण त्याने आपली कारणे व हवी असलेली वस्तू लेखी नोंदवली पाहिजे, झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण केले पाहिजे आणि नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवली पाहिजे. अर्ज केल्यास ती प्रत घरमालकाला वा तेथे राहणाऱ्याला विनामूल्य मिळते. मोहल्ल्यातील दोन प्रतिष्ठित पंच हवेत, घरच्या माणसाला हजर राहू दिले पाहिजे, जप्त वस्तूंची यादी दिली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची. अमली पदार्थांसारख्या काही खास कायद्यांत प्रवेशाचे वेगळे अधिकार आहेत, हेही ध्यानात असू द्या.

'सहज चौकशीला आलो' एवढ्यावर मात्र घरात शिरण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. उत्तर प्रदेशात पुराव्याअभावी सुटलेल्या एका माणसाच्या घरी पोलीस रात्री-बेरात्री जात. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खडकसिंग खटल्यात अशा रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या.

स्त्रियांसाठी आणखी दोन गोष्टी. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी स्त्री पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पण हा नियम स्त्रीच्या अटकेपुरता आहे. रात्री पोलीस घरात येऊच शकत नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर स्त्रीला तिच्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

हे सारे आपल्याला दूरचे वाटू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदाविषयी फेसबुकवर आलेल्या मजकुरावरून आपल्या पालघरच्याच दोन तरुणींना अटक झाली. नंतर जामीन मिळाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या खटल्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. न्याय मिळाला, पण त्या मुलींना जे सोसावे लागले ते लागलेच.

तेव्हा घाबरू नका आणि वाददेखील घालू नका. दाराआडून नाव, हुद्दा, ठाणे आणि येण्याचे कारण विचारा. संशय वाटला तर ११२ वर विचारणा करा. शेजारणीला हाक मारा. अधिकार असेल तर अडवू नका, कारण अडथळा आणणे गुन्हा आहे. पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. वकिलाची ऐपत नसेल तरी चिंता नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो.

घरी गेल्यावर एवढे शेजारच्या चार जणींना सांगा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.