आपल्या नळाचं माहेर
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपल्या जनरल बॉडीत सर्वांत जास्त भांडणं कशावरून झाली? पार्किंगचा नंबर दुसरा. पहिला पाण्याचा! म्हणून आज पाण्यावरच बोलतो.

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यांतले तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातले. तानसाचं पाणी तर १८९२ पासून आपल्याकडे येतंय. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. शेजारच्या मुरबाडला डोंगराकडच्या वाड्यांवरही तेच. नोकरीत असताना मी त्या भागात होतो. उन्हाळ्यात बचत गटाच्या बायका हप्ता भरायला दुपारीच यायच्या. सकाळ विहिरीवर गेलेली असायची.

आपल्या कुशन-कव्हरवर जी वारली चित्रं दिसतात, ती मुळात तिकडच्या आदिवासींच्या घरांतली. कुडाच्या भिंतीला गेरू लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि काडीने लग्नाचा चौक लिहायचा. हे काम सुवासिनींचं. पुढे डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही चित्रं नीट बघा. विहीर, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, मासे धरणारे, भाताची लावणी. मला बँकवाल्याला ती पासबुकासारखी वाटतात. घर कोणत्या पाण्यावर चाललं, त्याची नोंद.

तर माझी एक सूचना आहे. गेटसमोरच्या टाकीची भिंत यंदा रंगवायचीच आहे. ते काम शहापूर-मुरबाडच्या आदिवासी कलाकारांना देऊ या. मजुरी पूर्ण, घासाघीस नाही, आणि भिंतीवर त्यांचं नाव. त्याआधी एक संध्याकाळ आपल्या आजी-आजोबांनी मुलांना पाण्याच्या गोष्टी सांगाव्यात. कोकणातला रहाट, सोलापूरकडचा दुष्काळ, चाळीतला पहाटे चारचा नळ. कलाकारांनाही बोलवू, त्यांच्या गोष्टी आपण ऐकू. मग दोन्हीकडचं भिंतीवर येऊ दे.

कोणी विचारेल, काका, चित्राने पाणी वाचतं का? नाही वाचत. पण टाकी ओव्हरफ्लो झाली की वॉचमनला फोन करायचा आपल्याला कंटाळा येतो. समोर हंडा घेतलेली बाई रोज दिसली, तर तेवढा एक फोन तरी होईल.

कमिटीने विचार करावा. पहिली वर्गणी माझी.