रस्ता अडवणारा आणि खिसा कापणारा

श्रोतेहो, सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता कुणी अडवला, की एस.टी. जागच्या जागी उभी राहते. आत दवाखान्याला निघालेली बाई असते, परीक्षेला निघालेला पोरगा असतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतोच, "कायदाच ढिला आहे. दहा-दहा वर्षं आत टाका, म्हणजे सुधारतील." बाजारात खिसा कापला गेला, तरी हेच ऐकू येते. त्या माणसाचा राग खोटा नाही. इलाज बरोबर आहे का, एवढेच आज पाहू.

कायदा ढिला आहे, हेच मुळी खरे नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीविरुद्धचा १९८४ चा कायदा पाहा. एस.टी. पेटवली, तर निदान एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे सक्तमजुरी. कायद्याला चाळीस वर्षे उलटली. तरी २०१८ आणि २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यात गाड्या जळाल्याच. पुढे वाटाघाटींत गुन्हे मागे घेण्याची मागणी आली आणि सरकारने तसे आश्वासनही दिले. हे काही एकाच आंदोलनाचे नाही, रीतच पडून गेली आहे. मग पेटवणाऱ्याने दहा वर्षांना भ्यावे तरी का? दहाची वीस केली, तरी ती कागदावरच वाढणार.

याच मागणीचा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत निघाला. तुमच्यापैकी पुष्कळजण त्यात चालले असतील. घोषणा नाही, दगड नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत हा कायदा काही सैल झाला नव्हता. धीर मात्र सुटत चालला होता.

आणि मनाशी पटून जो उतरतो, त्याला तुरुंगाचे भय थोडेच? १९३८ साली निजामाच्या राज्यात स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. चळवळ थांबली नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. रस्ता अडवणारा प्रत्येकजण टिळक नव्हे, हे सांगायला नकोच.

खिसेकापूची गोष्ट निराळी. त्याला तत्त्व नसते, हिशेब असतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये नकळत खिशातून एका शिलिंगाहून अधिक माल मारला, तर फाशी होती. झाले काय? माणूस मरू नये म्हणून पंचच मालाची किंमत मुद्दाम दहा पेन्स ठरवीत! अखेर १८०८ साली ती फाशी रद्द झाली. गुरुजी, तुमच्या वर्गातही हेच दिसते ना? मोठ्या छडीपेक्षा, पाठ फिरवली तरी गुरुजींना कळते, याचाच धाक अधिक.

आपल्याकडे तर चोरी झाली तरी पुष्कळजण ठाण्याची पायरीच चढत नाहीत. तेव्हा एक ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून हिसकावून पळण्याचा गुन्हा कायद्यात वेगळा लिहिला आहे; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा कुठेही घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. अजिंठ्याच्या वाटेवर गळ्यातली पोत गेली, तर सिल्लोडच्या ठाण्यातही ती घ्यावी लागते, आणि तिची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या.