जखमेची विचारपूस



पेडण्याच्या वा डिचोलीच्या एखाद्या आरोग्य केंद्रात हात सुजलेली स्त्री येते. काय झाले म्हणून विचारावे, तर 'विहिरीवर पाय घसरला' हे उत्तर कधी कधी शेजारी उभा असलेला नवराच देऊन टाकतो. पट्टी बांधली जाते, केसपेपरवर 'पडल्यामुळे इजा' अशी नोंद होते, आणि ती स्त्री त्याच घरी परत जाते. विहीर मात्र निष्कारण बदनाम होते!

या मारहाणीचा आरोग्याशी असलेला संबंध आपल्या गोव्यातच तपासला गेला आहे. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आलेल्या २७० गर्भवतींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या आढळल्या. ज्यांच्या संसारात मारहाण होती, त्यांना हा धोका अधिक होता. पोलीस आणि पंचायत यांच्याइतकाच हा प्रश्न वैद्यकाचाही ठरतो, तो यामुळे.

मग प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तसा सल्ला दिला नाही. खुणा दिसतील तेथे, तसेच गर्भारपणाच्या तपासणीत विचारावे. परंतु एकांत, गुप्तता, शिकून तयार झालेली परिचारिका आणि पुढील साहाय्याची सोय असेल तरच. नवऱ्यादेखत विचारलेला प्रश्न तिला रात्री महागात पडू शकतो.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' संस्था यांनी २००० साली 'दिलासा' केंद्र स्थापन केले. पीडितेला उपचार, धीर आणि कायद्याचा सल्ला एकाच छपराखाली मिळावा, हा त्यामागील हेतू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही, मागणी होताच अशा स्त्रीवर उपचार करणे इस्पितळांना बंधनकारक केले आहे.

आपल्या तालुक्यांत आरंभ लहानसा असला तरी चालेल. एक बंद होणारी खोली, आणि परिचारिकेचे चार शब्द : "बाय, घरी तुला कोणाची भीती वाटते का?" ती 'नाही' म्हणाली, तर आग्रह धरू नये, १८१ हा मदतीचा क्रमांक तेवढा तोंडी सांगावा. कदाचित पुढच्या खेपेस ती आपण होऊन बोलेल. पट्टी बांधणाऱ्या हातांनी आधी ते दार लावून घ्यावे, एवढेच आजचे मागणे.