सावंतवाडीची गंजिफा

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही हाताने गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते, त्यावर लाखेची चकाकी.

हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफात ताज, शमशेर, गुलाम असे आठ रंग आणि 96 पत्ते. पुढे चिताऱ्यांनी याच खेळात विष्णूचे दहा अवतार बसवले. पत्ते झाले 120. मत्स्याच्या रंगाला मासा, परशुरामाच्या रंगाला परशू. खेळाचा सांगाडा मात्र तोच राहिला. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा, उरलेल्यांत एक्का मोठा, हा पेचही जुनाच. मोगल डावात दिवसा सुर्ख या रंगाचा मान आणि रात्री सफेद या रंगाचा. दशावतारी डावात दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा. खेळ परका म्हणून टाकला नाही आणि आपले देवही बाजूला ठेवले नाहीत, ही त्या चिताऱ्यांची समज मला फार मोलाची वाटते.

छापील पत्ते आले आणि ही कला विझत चालली. 1970 च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, राणीसाहेबांनी स्वतः कुंचला धरला आणि राजवाड्यातच नव्या हातांना काम मिळालं. तिकडे गेलात तर मुलांना सोबत न्या आणि एक डाव मांडून बघा.